कोरी पट्टी

थोरलीच्या पोटात दुखायला तसं फार काही लागत नसे. पण यंदा धाकट्या जावेच्या लसूणघासानं कहरच केला. दोघींची वावरं बांधाला बांध लागून, दोन्ही पडेल त्या पावसावर जगणारी. तरी हिचा घास पिवळा, मरतुकडा, आणि तिचा हिरवागार! त्यात सासरे सांगून बसलेले, "जिचा चारा सरस, तिला खालचं मोठं वावर."

धाकटीचं गुपित असं काही नव्हतं. शेतकी साहेबांनी तिला गंधकाच्या खताचं पोतं दिलं होतं. एका पट्टीला खत टाकायचं, शेजारची कोरी ठेवायची, म्हणजे फरक डोळ्यांना दिसतो. आणि दिसतही होता. कोरी पट्टी थेट थोरलीच्या घासासारखी पिवळी.

"मला का नाही विचारलं साहेबांनी? मी काय मेले होते?" थोरली नवऱ्यावर करवादली.

"विचारलं होतं की. तूच म्हणालीस, असली थेरं आमच्याकडे नकोत."

ते आठवून ती आणखीच भडकली.

एका दुपारी आभाळ भरून आलं. धाकटी दूध घालायला गेली होती. थोरलीनं तिच्या गोठ्यातलं उरलेलं अर्धं पोतं उचललं आणि कोऱ्या पट्टीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत फेकून टाकलं. दोन्ही पट्ट्या सारख्या दिसल्या की साहेब म्हणणार, खतानं काही होत नाही; मग धाकटीचा तोरा उतरणार. संध्याकाळी पाऊसही झाला.

महिन्याभरानं साहेब आले, सासरे आले. दोन्ही पट्ट्या गुडघाभर, हिरव्याकंच. साहेब चक्रावलेच. "खताशिवाय एवढा चारा?"

"अहो, खताचं काय घेऊन बसलात! पोरीच्या हाताला गुण आहे," सासरे म्हणाले. "खालचं वावर धाकटीचं."

"माझं कसलं काय," म्हणत धाकटी गालात हसली. ते हसू थोरलीला सोसवेना. वावर गेलं ते गेलं, वर कौतुकही हिचंच?

"हिच्या हाताला कसला डोंबलाचा गुण!" ती बांधावरून ओरडली. "ती पट्टी मी पिकवलीय! या हातांनी खत टाकलंय मी, भर दुपारी!"

साहेबांनी वहीतलं लिहिलेलं खोडलं. सासऱ्यांनी थोरलीच्या पिवळ्या घासाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"आणि स्वतःच्या घासाला गं, सूनबाई?" त्यांनी विचारलं. "त्याला का नाही टाकलंस?"