पांढऱ्या पट्ट्याचा धडा

मी तोंडाची फटकळ, हे सगळ्या वाडीला ठाऊक आहे. वीस वर्षं याच शाळेत पोरांना फैलावर घेतलं, आईबापांनाही सोडलं नाही. आता घेणार कुणाला? यंदा पटावर एकच नाव उरलंय, ज्ञानेश्वरी, इयत्ता दुसरी. बाकीची पोरं मुंबईला गेली, नाहीतर रत्नागिरीच्या इंग्रजी शाळेत.

ऑगस्ट लागला आणि तिचा बाप दत्ताराम मुंबईहून आला. "बाई, पोरीला न्यायची हाय. दाखला द्या."

ती गेली की शाळेला कुलूप. मार्चात मी निवृत्त होणार, तोवर तालुक्याच्या कचेरीत कागद चाळत बसायचं. घरी मी एकटी. दिवसभरात माझ्याशी बोलणारी ही एवढीच पोर.

"दाखल्याचं पुस्तक संपलंय," मी म्हटलं. "तालुक्याहून आलं की देते." धडधडीत खोटं!

चार दिवस तो बिचारा हेलपाटे घालत होता, आणि मी तेच सांगत होते. इकडे पंधरा ऑगस्ट जवळ आला म्हणून पोरीला झेंडा शिकवत होते. केशरी म्हणजे त्याग.

"त्याग म्हंजे?"

"आपल्याला हवं ते दुसऱ्यासाठी सोडायचं."

"मी शेजारच्या बारक्या चिमाला पेन्सिल दिली, तसं?"

"तसंच गो."

हिरवा झाला. चक्राचे चोवीस आरे तिनं बोटानं मोजले, मध्येच चुकली, पुन्हा पहिल्यापासून मोजले. चौथ्या दिवशी पांढरा राहिला होता.

"पांढरा म्हणजे सत्य. कुणी ओरडो, मारो, खरं तेच बोलायचं."

"मोठ्या माणसांसमोर पण?"

"मोठी असली म्हणून काय झालं!" म्हटलं ना, मी फटकळ.

तेवढ्यात दत्ताराम दारात आला, छत्री गळत होती. "आलं काय पुस्तक?"

"नाही हो, अजून..."

ज्ञानेश्वरी उठली. कविता म्हणताना ठेवते तसे हात सरळ ठेवले. "बाबा, पुस्तक कपाटात हाय. खालच्या खणात. मीच पुसते रोज."

मग माझ्याकडे बघत राहिली. भीती नव्हती तिला. शाबासकीची वाट बघत होती.

दत्ताराम आपला छत्रीकडे बघायला लागला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"शाबास," मी म्हटलं. "बरोबर उत्तर."

कपाट उघडलं. दाखला लिहिला, सही केली, शिक्का मारला. वर्तणुकीपुढे 'उत्तम' लिहिताना डोळे भरून आले ते आलेच. पोर टेबलाला टेकून सगळं बघत होती.

"बाई, मी गेल्यावर तुम्ही कुणाला शिकवणार?"

"येतील गो दुसरी पोरं," मी म्हटलं.

हे मात्र तिला खरं वाटलं. हसत हसत ती बापाच्या छत्रीत शिरली.