बंद खिडक्यांची अभ्यासिका

विद्यापीठाच्या अभ्यासिकेत भरदुपारी कुणी टेबलावर डोकं टेकून झोपलेलं दिसलं, की आपण काय म्हणतो? "आजकालच्या मुलांना अभ्यास नको!" आमचे ग्रंथपालसाहेबही हेच म्हणत, आणि नुसतं म्हणून थांबत नसत. झोपणाऱ्याचं कार्ड जप्त, तिसऱ्यांदा सापडला तर कायमचं रद्द, असा नियमच त्यांनी केला होता.

तसा माणूस वाईट नव्हता. अभ्यासिकेवर त्यांचा फार जीव. नवी टेबलं आली, तेव्हा त्यांवर धूळ बसू नये म्हणून त्यांनी साऱ्या खिडक्या स्क्रू मारून बंद करून टाकल्या. टेबलं चकचकीत राहिली. साहेबांच्या खोलीतली खिडकी मात्र उघडी असे, कारण त्यांना नवं टेबल मिळालंच नव्हतं!

एके दुपारी शिपायाने एका मुलीला त्यांच्यापुढे उभं केलं. तिची ही तिसरी वेळ.

"सर, परीक्षा तोंडावर आलीय. घरी एकच खोली, त्यात दादाची जुळी बाळं. कार्ड गेलं तर मी अभ्यासाला बसू कुठे?" मुलगी रडवेली झाली होती.

"हा विचार झोपण्याआधी करायचा," साहेब म्हणाले.

घराची किल्ली न्यायला आलेली त्यांची थोरली बहीण हे ऐकत होती. ताई रुग्णालयात नर्स होती, नुकतीच निवृत्त झालेली. बोलायला कुणाची भीडभाड नाही.

"अरे, तुला शोधत आत जाऊन आले मी. काय कोंदटलंय तिथे! वॉर्डात पेशंट घुसमटला तर मी आधी खिडकी उघडायचे, त्याच्यावर डाफरायचे नाही."

"ताई, आपण कंदिलाच्या उजेडात शिकलो. आपल्याला कुठे होते पंखे?"

"अंगणात बसायचो आपण, विसरलास? आणि पंखा होता की! माझ्या हातातला पुठ्ठा. मी वारा घालायचे तेव्हा कुठे तू पाढे म्हणायचास. माझा हात थांबला, की तुझी मान खाली."

शिपायाने तोंड फिरवून हसू दाबलं. साहेबांना ते चांगलंच झोंबलं.

"बघच तू! आत्ता हिच्याच खुर्चीत बसून वाचून दाखवतो. झोपलो तर हिचं कार्ड परत!"

साहेब तावातावाने जाऊन बसले. दिवा नेमका पाठीमागे, त्यामुळे त्यांच्याच डोक्याची सावली पुस्तकावर पडत होती. खुर्ची पाठीला टोचत होती. इतक्या जणांच्या श्वासांनी हवा जड झाली होती, आणि कॉलर घामाने मानेला चिकटली. एकच ओळ त्यांनी पुन्हा पुन्हा वाचली. आणि मग काय सांगावं, वाचकहो! साहेब चक्क घोरू लागले!

सगळी अभ्यासिका माना वळवून बघू लागली. फेरीवरचा शिपाई समोर येऊन थबकला. आता कार्ड मागायचं कुणाकडे? मुलगी तिथेच वह्या आवरत होती. पैज तर तिने जिंकलीच होती, गप्प राहून गंमत बघता आली असती. पण तिला ते बघवेना. तिने वाकून हलकेच टेबल वाजवलं.

"सर, उठा ना. सगळे बघतायत."

साहेब दचकून उठले. मुलगी हसत नव्हती. तिच्या डोळ्यांत फक्त काळजी होती. साहेबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी खिशातून तिचं कार्ड काढून तिच्या हातात दिलं.

"माझं चुकलं, बाळ," ते सगळ्यांदेखत म्हणाले. मग शिपायाकडे वळले. "स्क्रू-ड्रायव्हर आण. आत्ताच्या आत्ता!"

खिडक्या उघडल्या, तशी खोलीभर कागदांची फडफड झाली आणि मुलं खुदकन हसली. पुढे जाळ्या लागल्या, टेबलांवर दिवे आले. धूळ येते, ती सकाळी पुसली जाते. जप्तीचा नियम साहेबांनी स्वतःच्या हाताने फाडला.

मित्रहो, मुलांना आळशी म्हणण्याआधी आपण त्यांच्या खुर्चीत थोडा वेळ बसून पाहू या. हवा आणि उजेड हे त्यांचे लाड नाहीत. अभ्यास त्यांवरच होतो, आणि ते देणं आपलं काम आहे!

निकाल लागला, तशी ती मुलगी धावत आली. पास झाली होती, तीही चांगल्या गुणांनी. "सर, ताईंना माझा नमस्कार सांगाल?"

साहेबांनी लगेच फोन लावला. निरोप दिला, आणि मग फोन न ठेवता म्हणाले,

"ताई, तू मला वारा घालायचीस, म्हणून मी शिकलो गं. तुझे आभार मानायचे राहूनच गेले."

ताई म्हणाली, "आत्ता सुचतंय होय रे तुला? हात भरून यायचा माझा! पण तू पाढे छान म्हणायचास."