वार पडली का

"पोर रडलं म्हणून हरखून जाऊ नको, बाई. वार पडली म्हंजी तू सुटलीस," कडूबाई सुईण सातव्या महिन्यापासून सांगायची. मी बी.ए. झालेली. बाळ आलं की बाळंतपण संपलं, मागून येतं ती नुसती आवरासावर, अशी माझी समजूत. हसून विषय बदलायची.

मुलगी झाली, खणखणीत रडली. बाळामागून पडायची ती वार मात्र आली नाही.

आमच्या ताडकळसला वार पडेपर्यंत नाळ कापत नाहीत. कापली तर वार काळजाकडं चढते म्हणतात. त्यामुळे लेक माझ्या पोटावर आणि नाळ तशीच. मी नाळेवर बोटं ठेवली तर आत ठोके होते. माझे की लेकीचे, कळेना. कडूबाईनं माझीच वेणी माझ्या तोंडात कोंबली, उबळ आली की वार सुटते म्हणून. उबळ आली, वार नाही. अंगाखालचं लुगडं भिजायला लागलं. नाळेतले ठोके कधी थांबले तेही कळलं नाही.

"आता माझ्या हातातलं न्हाई," कडूबाई म्हणाली. "पूर्णेला न्या."

विद्यापीठाच्या नामांतराच्या बंदमुळे एसटी नव्हती. यांनी गावातल्या व्यंकटरावांचा ट्रॅक्टर मागून आणला. सासूबाई नाळेला कुणाला हात लावू देईनात. म्हणून आम्ही मायलेकी, एकमेकींना बांधलेल्या, ट्रॉलीत कडब्यावर निघालो. माझं डोकं शेजारच्या दैवशालाच्या मांडीवर. डोळे मिटायला लागले की ती गालावर चापट मारायची.

"वहिनी, झोपू नका. पोरीचं नाक कुणावर गेलंय सांगा."

"तुझ्यावर."

"मंग झालं कल्याण."

पूर्णेच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी आधी नाळ कापली. सासूबाईंनी डोळे मिटून घेतले. मग मला गुंगी देऊन बाईंनी हातानं वार सोडवली. शुद्धीवर आले तेव्हा ती ताटात होती, भाकरीएवढी, मुळ्यांसारख्या शिरांची. नऊ महिने हिनं लेकीला जेवू घातलं होतं. सासूबाईंनी तिला हळदकुंकू वाहिलं आणि अंगणात पुरायला फडक्यात बांधून घेतली.

डॉक्टरीणबाई नर्सला कागदावर लिहायला एक आकडा सांगत होत्या. कशाचा, मी विचारलं.

"वार अडकल्याचा. रक्त गेलं तर हा, नाही गेलं तर दुसरा. बाहेरच्या देशांतही हाच लिहितात."

मी पडल्या पडल्या त्या आकड्याकडे बघत राहिले. माझी भाषा न कळणाऱ्या किती बाया अशा अडकल्या असतील, तेव्हा कुठं कुणी बसून त्याला आकडा दिला असेल. त्यातल्या कितीजणींना ट्रॅक्टर मिळाला असेल.

दैवशाला तेव्हा नुकतीच पोटुशी होती. दसऱ्यानंतर ती नवऱ्याबरोबर, आसारामबरोबर ऊसतोडीला निघाली, तेव्हा मी तिला कडूबाईचंच बोलणं ऐकवलं.

"आमचं काय अडकत न्हाई वो वहिनी," कोयते गुंडाळत ती हसली. "पाचटात बसलं की मोकळं. दुसऱ्या दिशी फडात."

मीही अशीच हसायची.

टोळी कुठल्या कारखान्यावर गेली, इथं कुणाला नीट माहीत नाही. तिचे दिवस भरत आलेत. तुमच्या शिवारात ऊसतोड्यांच्या कोप्या, पाचटाच्या झोपड्या, पडल्या असतील, तर ताडकळसची दैवशाला आहे का विचारा. हनुवटीवर गोंदण आहे. बाळ रडताना ऐकू आलं तरी माघारी फिरू नका. आत जा, वार पडली का विचारा. आणि नसेल पडली तर गाडी आणा.