रद्द झालेला चार्ट

टिपणिसांच्या घरात जेवणाच्या टेबलावर जेवण होत नसे. वाशीच्या त्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये सनमायकाचं टेबल आलं होतं मोठ्या हौसेनं, मुलाच्या लग्नाच्या वेळी. पण दीड वर्षापासून त्यावर आयर्लंडचा दक्षिण किनारा पसरलेला होता आणि ताटं खाली फरशीवर मांडली जात. सोसायटीतले म्हणायचे, नवराबायकोच्या डोक्यावर परिणाम झालाय. म्हणेनात का! लोकांचं काय जातं बोलायला.

रोज संध्याकाळी साडेसहाला अरविंद टिपणीस आणि सुनीतीबाई प्रवासाला निघत. होडी म्हणजे एक चिंचोका. तो किनाऱ्याकिनाऱ्यानं पुढे सरकवायचा, दिवसाला वीस मैल, जास्त नाही. टिपणीस पितळी डिव्हायडरनं अंतर मोजत आणि जाड्या इंग्रजी पुस्तकातून त्या बंदराचं वर्णन मराठीत सांगत. टेकडीवर पांढरं चर्च आहे, धक्क्याशी मासळीबाजार आहे, दक्षिणेचा वारा सुटला तर आत शिरणं अवघड. सुनीतीबाई ऐकत आणि एकच विचारत, "इथे दवाखाना आहे का?" असला की त्या बंदराच्या अधिकाऱ्याला दुसऱ्या दिवशी पत्र जाई. सुनीतीबाई हायस्कुलात इंग्रजी शिकवत असत, त्यामुळे पत्र अगदी नेटकं. सुधीर अरविंद टिपणीस, वय सत्तावीस, डाव्या भुवईवर व्रण, जहाजावर थर्ड इंजिनीअर. असा कोणी तरुण आपल्या गावी आला आहे काय?

सुधीरचं मालवाहू जहाज ऐंशीच्या डिसेंबरात आयर्लंडच्या खाली वादळात सापडलं होतं. शेवटचा संदेश आला, 'पाणी आत येत आहे', आणि पुढे काही नाही. जहाज नाही, माणसं नाहीत, साधं एक फळकूटही नाही. कंपनीनं तारेत 'बेपत्ता' एवढंच लिहिलं. बेपत्ता म्हणजे गेला असं थोडंच, म्हणाल्या सुनीतीबाई. त्यानंतर तीन महिने त्या कोणाशी बोलल्या नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या. टिपणीस घास भरवायचे तेव्हा दोन घास पोटात जायचे.

आता टिपणिसांचं काम सांगायला हवं, कारण सगळं घोडं तिथेच पेंड खातं. फोर्टात जहाजांना समुद्राचे नकाशे विकणारी एक पेढी होती. ते नकाशांना चार्ट म्हणत. तिथे बत्तीस वर्षं टिपणीस चार्ट दुरुस्त करत होते. दर आठवड्याला विलायतेहून एक पुस्तिका यायची. अमुक ठिकाणचा दिवा हलवला, तमुक ठिकाणी नवा खडक सापडला. ते सगळं दुकानातल्या प्रत्येक प्रतीवर बारीक टाकानं, जांभळ्या शाईनं चढवायचं आणि डाव्या कोपऱ्यात दुरुस्तीचा नंबर लिहायचा. एक खूण राहिली तर एखादं जहाज खडकावर जायचं. बत्तीस वर्षांत टिपणिसांची एक दुरुस्ती राहिली नव्हती. साहेब म्हणायचा, देव चुकेल पण टिपणीस चुकणार नाही. नवी आवृत्ती आली की जुने चार्ट रद्द होत. त्यांवर पुढे दुरुस्ती चढवायची नाही, ते रद्दीत जायचे. एक्याऐंशीच्या मार्चात त्यांनी त्यातलाच एक गुंडाळी करून बसमधून वाशीला आणला आणि बायकोच्या पलंगावर पसरला. म्हणाले, "उठ. आपण दोघं जाऊन बघून येऊ."

सुनीतीबाई उठल्या. त्या दिवशी तीन महिन्यांनी त्यांनी स्वतःच्या हातानं भात कालवला. टिपणिसांना मोरीत जाऊन रडावं लागलं.

हे झालं मार्चात. जूनमध्ये पुस्तिकेत एक ओळ आली. आयर्लंडच्या नैर्ऋत्येला, इतक्या अक्षांशावर आणि इतक्या रेखांशावर, नव्वद मीटर खोल, बुडालेलं जहाज. नाव नव्हतं. पण त्याच आठवड्यात कंपनीचं पत्र ऑफिसच्या पत्त्यावर आलं, कारण पत्ता टिपणिसांनीच तसा दिला होता. पाहणीच्या जहाजानं पाण्याखाली कॅमेरा सोडला होता. जहाज सुधीरचंच. आणि दोन्ही लाइफबोटी जागच्या जागी बांधलेल्या होत्या. कोणाला त्या सोडायला वेळच मिळाला नव्हता.

टिपणिसांनी ते पत्र ऑफिसच्या खणात, टाकांच्या डब्याखाली ठेवलं. मग टाक शाईत बुडवला आणि दुकानातल्या सहा प्रतींवर बुडालेल्या जहाजाची खूण घातली. एक आडवी रेघ, तिच्यावर तीन छोट्या उभ्या रेघा. सहाच्या सहा. हात हलला नाही. घरी आल्यावर सुनीतीबाई चहा घेऊन टेबलाशी तयार होत्या. म्हणाल्या, आज वारा कसा आहे? त्यांचे गाल जरा वर आले होते. टिपणीस म्हणाले, बरा आहे. घरातल्या चार्टवर त्यांनी खूण घातली नाही. रद्द चार्टावर दुरुस्ती चढवत नाहीत, हा ऑफिसचा नियम. माणूस स्वतःला फसवायला निघाला की त्याला नियमसुद्धा सापडतो.

आठ दिवस जाऊ देत, मग सांगू, असं त्यांनी ठरवलं. आठाचे पंधरा झाले, मग महिने झाले. चिंचोका किनाऱ्यावरून फिरत राहिला. आयर्लंड संपलं तसा वेल्सचा चार्ट आला, मग कॉर्नवॉलचा, आणि पुन्हा आयर्लंड. त्या जागेजवळून जायची वेळ आली की टिपणीस म्हणत, इथे भोवरे आहेत, जरा बाहेरून जाऊ. खरं सांगायचं तर त्यांनाही गोडी लागली होती. बत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या वाटा दुरुस्त केल्या, आता बायकोबरोबर स्वतः निघाले होते.

आणि या सगळ्यात नंदिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी असायची.

नंदिनी म्हणजे सुधीरची बायको. ऐंशीच्या मे महिन्यात लग्न झालं, सव्वीस दिवसांचा संसार झाला आणि तो जहाजावर गेला. वय तेवीस. सकाळी पाणी भरायची, सासूचे केस विंचरायची, गळ्यात मंगळसूत्र घालून वाट बघायची. निदान सासूला तसं वाटायचं. नंदिनीला काय वाटतं ते कोणी विचारलं नव्हतं. ती टेबलाशी कधी बसली नाही. बोलवलं तर म्हणायची, कुकर लावलाय.

ब्याऐंशीच्या पावसाळ्याअखेरीस तिचा भाऊ कमळाकर नाशिकहून आला. सासूसमोर तो काही बोलला नाही, टिपणिसांना खाली रस्त्यावर घेऊन गेला. नंदिनीसाठी एक स्थळ आहे, म्हणाला. शाळामास्तर, पहिली बायको बाळंतपणात गेली, माणूस सज्जन. पण त्याच्या आईचं म्हणणं, मुलीच्या पहिल्या नवऱ्याचं दिवसकार्य झालेलं नाही, उद्या तो उभा राहिला तर? देह नाही तर पळसाच्या पानांचा करून तरी अग्नी द्या, मग आम्ही विचार करू. दसऱ्याच्या आत कळवायचंय. मग कमळाकरनं हात जोडले. "काका, ती तुमचीही मुलगीच आहे ना? तिला का जिवंत पुरताय?"

खणातलं पत्र टिपणिसांच्या डोळ्यांसमोर होतं. तीन ओळी वाचून दाखवल्या असत्या तर मुलगी सुटली असती. पण बायको पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडली असती. एकीला वाचवायचं तर दुसरीला मारायचं, इकडे आड तिकडे विहीर. संध्याकाळी त्यांनी चाचरत पळसविधीचा विषय काढला तर सुनीतीबाईंनी चिंचोका मुठीत धरला आणि शांतपणे म्हणाल्या, अजून डिंगल बंदराचं उत्तर यायचंय.

हाच विषय आधी काशीनं काढला होता. काशी खाडीकाठच्या तळवली गावची कोळीण, पाटी घेऊन दारोदार मासळी विकायची. तिचा नवरा नामा खाडीच्या तोंडाशी बुडाला होता. उन्हाळ्यात कोलंबी मोजता मोजता ती म्हणाली होती, "वैनी, माजी होरी मिलाली, मानूस नाय मिलाला. बारा दिस वाट बगली न् मोकली झाली. दर्या ठेवतो त्याला ठेवू द्या. घरातल्या पोरीला कशाला बांदून ठेवलाय?" सुनीतीबाईंनी कोलंबी तिच्या पाटीत परत टाकली आणि दार लावलं. तेव्हापासून काशीला त्या दारात मज्जाव झाला, आणि आठवड्याची मासळी बंद झाली.

डिंगलचं उत्तर आलं सप्टेंबरात. टिपणीस ऑफिसातून आले तेव्हा सुनीतीबाई टेबलाशी बसल्या होत्या, हातात निळं एअरोग्राम. आजवर बावीस पत्रं गेली होती आणि उत्तरं आली होती पाच. सगळी सभ्य, सगळी नकाराची. हा बंदरावरचा माणूस मात्र जास्तच भला निघाला. त्यानं चौकशी करून सविस्तर लिहिलं होतं. बाई, आपल्याला कंपनीनं कळवलं असेलच, तरी लिहितो. जहाज गेल्या साली सापडलं. दोन्ही बोटी जागेवर आहेत. जागा आता सगळ्या चार्टांवर दाखवली आहे, आमचे कोळी तिथे जाळं टाकत नाहीत. खाली अक्षांश आणि रेखांश लिहिले होते.

सुनीतीबाईंनी पत्र नवऱ्यापुढे ठेवलं. रडल्या नव्हत्या. डिव्हायडर उघडा पडला होता आणि चिंचोका चार्टावर एका रिकाम्या जागी ठेवला होता. दीड वर्ष बघून बघून त्यांना अक्षांश मोजता येऊ लागले होते.

"सगळ्या चार्टांवर म्हणजे तुमच्या दुकानातल्याही ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"कोणी घातली खूण?"

टिपणिसांनी खाली बघितलं. "मी."

"कधी?"

"गेल्या साली. जूनमध्ये."

सुनीतीबाई बोटांवर महिने मोजत बसल्या. मग त्यांनी चिंचोक्यापासून किनाऱ्यापर्यंत डिव्हायडर लावला, टिपणीस लावायचे तसाच. म्हणाल्या, "सतरा मैल. गेल्या श्रावणात आपण इथूनच गेलो. तुम्ही म्हणालात, भोवरे आहेत, बाहेरून जाऊ. माझ्या मुलाच्या दारावरून नेलंत मला, आणि सांगितलं नाहीत."

टिपणीस म्हणाले, तू जेवायला लागली होतीस गं. बत्तीस वर्षं एक खूण न चुकवणारा माणूस घरच्या खुणेला चुकला होता.

सुनीतीबाईंनी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. नंदिनी तिथेच उभी होती, हात पिठाचे. दीड वर्षात पहिल्यांदा सासूनं तिच्याकडे नीट बघितलं असावं. पोरीची गळ्याजवळची हाडं वर आली होती. सुनीतीबाई म्हणाल्या, ये, इथे बस. नंदिनी आली आणि टेबलाच्या कडेशी बसली.

"शाई आहे घरात?" सुनीतीबाईंनी नवऱ्याला विचारलं.

होती. टाकही होता. टिपणिसांनी चार्ट सरळ केला, चिंचोका बाजूला घेतला आणि टाक टेकवला. दुकानात सहा वेळा न हललेला हात आता इतका थरथरू लागला की शाईचा ठिपका पडला. सुनीतीबाईंनी त्यांचं मनगट धरलं. एक आडवी रेघ, तीन उभ्या. वाकड्या आल्या. मग टिपणिसांनी सवयीनं डाव्या कोपऱ्यात नंबर लिहिला. नंदिनी पुढे झाली, खुणेवर पिठाचं बोट ठेवलं आणि हंबरडा फोडला. शेवटी ती बायको होती त्याची, सव्वीस दिवसांची का असेना. तिला रडायलाही या घरात परवानगी नव्हती, हे टिपणिसांच्या तेव्हा लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी सुनीतीबाई स्वतः बसनं तळवलीला गेल्या आणि काशीच्या दारात उभ्या राहिल्या. काशी काही लागट बोलली नाही. डोंगरात जाऊन तीनशे साठ पळसपानं घेऊन आली, पैसे घेतले नाहीत. भटजींनी पानं दर्भानं बांधली, डोक्याच्या जागी नारळ ठेवला आणि टिपणिसांनी मुलाला अग्नी दिला. राख खाडीत सोडायला सुनीतीबाई तयार नव्हत्या, समुद्रच पाहिजे म्हणाल्या. म्हणून दोघं मोरा बंदरावर गेले आणि मुंबईच्या लाँचमध्ये बसले. लग्नाला तीस वर्षं झाली होती, दोघं एकत्र खऱ्या पाण्यावर पहिल्यांदाच गेले. मधोमध आल्यावर सुनीतीबाईंनी विचारलं, तो कुठल्या बाजूला? टिपणिसांनी अंदाजानं नाही, हिशेबानं हात केला, वायव्येला. त्या बाजूला राख सोडली. उलट्या वाऱ्यानं निम्मी दोघांच्या कपड्यांवर आली.

कमळाकर दसऱ्याआधी येऊन नंदिनीला घेऊन गेला. जाताना ती दोघांच्या पाया पडली. सुनीतीबाईंनी तिला स्वतःच्या पाटल्या दिल्या आणि पत्र लिहू नकोस म्हणाल्या. मागे वळून बघितलंस तर तिथे रुजणार नाहीस. बस सुटेपर्यंत त्या ताठ उभ्या होत्या.

घरी आले तेव्हा साडेसहा वाजत आले होते. टिपणिसांनी पंखा लावला. घरात कुकरचा आवाज नव्हता. टेबलावर चार्ट तसाच होता, कोपऱ्यावर चिंचोका होता. हाताला वळण पडलेलं, त्यांनी चिंचोका उचलला आणि म्हणाले, "चल, निघायचं?"

सुनीतीबाई पलंगावर बसल्या होत्या. त्यांनी पाय वर घेतले आणि भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या.

"आता कुठे?" त्या म्हणाल्या. "पोचलो आपण."