फौंड्रीची पट्टी आणि फणसाची फळी

मित्रांनो, खंडेनवमीला कारखान्यातली यंत्रं धुऊन-पुसून त्यांना हळद-कुंकू लावतात, झेंडूची माळ घालतात, ते तुम्ही पाहिलं असेल. अशा कितीतरी माळा घालून घेतलेली मी एक जुनी ड्रिल मशीन आहे. मला खाली जड बूड आहे, मधे गुळगुळीत खांब आहे आणि वर डोकं आहे. डोक्यातून एक दांडा खाली येतो, त्याच्या टोकाला चक. चकमध्ये ड्रिल घट्ट पकडायचं, बाजूची मूठ ओढायची, की मी सरळ खाली येते आणि सरळ भोक पाडते. हातात धरायचं ड्रिल माणसाच्या हाताबरोबर तिरकं होतं. मी होत नाही. फुशारकी मारायला माझ्याजवळ एवढंच आहे, म्हणून आधीच सांगून टाकलं.

माझा जन्म शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत झाला. लोखंडाची होण्याआधी मी लाकडाची होते. त्या लाकडी नमुन्याला पॅटर्न म्हणतात. पॅटर्न वाळूत दाबतात, त्याच्या आकाराची पोकळी तयार होते आणि तिच्यात वितळलेलं लोखंड ओततात. आता एक गोष्ट नीट ऐका, पुढं उपयोगाला येईल. लोखंड थंड होताना आकसतं. म्हणून पॅटर्न थोडा मोठा करावा लागतो. दर वेळी आकडेमोड करत कोण बसणार? त्यासाठी पॅटर्न करणाऱ्यांकडं एक वेगळी पट्टी असते. दिसायला साधी, स्टीलची. पण तिच्यावरचा प्रत्येक इंच खऱ्या इंचापेक्षा थोडासा मोठा आखलेला असतो. त्या पट्टीनं मोजून पॅटर्न केला की लोखंड आकसून बरोबर मापाला येतं. मीही अशीच मापाला आले.

पुढं बरीच वर्षं मी एका वर्कशॉपमध्ये पंपांच्या भागांना भोकं पाडली. मला चालवणारे हंबीरराव फार मोठ्या आवाजाचे होते. कुणी चक आवळायची चावी चकमध्येच अडकवून बटण दाबायला गेला, तर ते ओरडायचे, "चावी काढ की आधी! उडून टकुऱ्यात बसली म्हंजे घरला जाशील चार खांद्यांवरनं!" माझ्यावर मात्र त्यांचा जीव होता. संध्याकाळी लोखंडाचा कीस झाडून ते माझ्या खांबाला तेलाचं बोट फिरवायचे आणि म्हणायचे, "रेड्यासारखी राबती बिचारी, पण कुरकुर न्हाय."

मग नवी, आपोआप चालणारी यंत्रं आली आणि हंबीरराव निवृत्त झाले. मला कोपऱ्यात ढकललं. कामगार माझ्या मुठीला डब्याच्या पिशव्या अडकवू लागले. कुणी तरी ओला रेनकोट माझ्या डोक्यावर वाळत घातला आणि तो पावसाळाभर तिथंच राहिला. खांबावर तांबडा गंज चढला. शेवटी जुनी यंत्रं घेणाऱ्या चमनभाईंनी मला टेम्पोत घातलं आणि त्यांच्या गोदामात आणून उभं केलं.

चमनभाईंचं गोदाम रस्त्याच्या कडेलाच आहे. तिथं एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला एक छोटी लाल ड्रिल मशीन, नवी कोरी वाटावी अशी, आणि मागं माझ्या दुप्पट उंचीचं एक धूड. गिऱ्हाईक आलं की लाल मशीनकडं जायचं. मला कुणी विचारत नव्हतं.

एके दिवशी सकाळी एक पांढऱ्या मिशांचे गृहस्थ काखेत पुठ्ठ्याचा मोठा तुकडा घेऊन आले. हे गुंडूआण्णा सुतार. जन्मभर फौंड्रीत पॅटर्न करून निवृत्त झालेले, उचगावात राहणारे. चमनभाई त्यांना ओळखत होते.

"या आण्णा. आणि हे काय आणलंय? दुधी भोपळा कापलाय व्हय पुठ्ठ्याचा?"

"गिटार हाय. विजेवर वाजणारी," आण्णा म्हणाले. "स्नेहलसाठी करणार हाय घरात. हिला मधोमध भोकं पाडील असं मशीन पायजे."

"आता गिटार? ह्या वयात?"

"वाजवायची थोडीच हाय मला? करायची हाय."

चमनभाईंनी चहा मागवला. चहा पिता पिता आण्णांनी सगळं सांगितलं. स्नेहल ही त्यांची एकुलती एक मुलगी, जयसिंगपूरला दिलेली. कॉलेजपासून ती गिटार वाजवायची. तिची आई शालन घरी ब्लाऊज शिवायची. मुलगी वाजवायला बसली की शालन म्हणायची, "वाजीव की गं, माझं मशीन कसं पळतंय बघ." गेल्या वर्षी उन्हाळ्यात शालन गेली. त्या दिवसापासून स्नेहलनं गिटारीला हात लावला नाही. जुनी कुणाला तरी देऊनही टाकली. शालननं लावलेलं फणसाचं झाड परड्यात होतं, तेही त्याच उन्हाळ्यात वावटळीनं पडलं. त्याची एकच अखंड फळी निघाली. बाकीच्या लाकडाला चिरा पडलेल्या होत्या.

"मृदंगाला फणसच घेत्यात," आण्णा म्हणाले. "म्हंजे वाजतंय ते. पण फळी एकच हाय चमन. भोक वाकडं गेलं तर दुसरी आणायची कुठनं? झाड न्हाय आता."

चमनभाईंनी चहाचा कप खाली ठेवला. मग उठून म्हणाले, "बघा कुठली पसंत पडती ती."

मित्रांनो, मशीन कशी निवडावी ते त्या दिवशी मी पाहिलं. आण्णांनी रंगाकडं बघितलंच नाही. आधी त्यांनी पुठ्ठ्याची गिटार लाल मशीनवर ठेवली. लाल मशीनचा खांब आणि चक यांच्यात अंतर फार कमी. गिटारीची कड खांबाला अडली आणि ड्रिल मध्यापर्यंत पोचेना. "तुझी मान आखूड हाय बाई," आण्णा म्हणाले. मागचं धूड तीन फेजवर चालणारं, ते घरच्या विजेवर फिरणार नव्हतं. मग ते माझ्याकडं वळले.

त्यांनी माझा चक मुठीत धरून गदागदा हलवला. हलला नाही. मग खिशातून सायकलची एक सरळ तार काढली, चकमध्ये पकडली आणि पुली हातानं हळूहळू फिरवली. चक डुलत असेल तर तारेचं टोक गोल फिरतं. माझं टोक एका जागी राहिलं. आण्णांनी मान हलवली. टेबलावर गुण्या उभा करून ते काटकोनात आहे का बघितलं. झाकण उघडून पट्ट्याच्या पुल्या बघितल्या, कारण लाकडाला वेग जास्त लागतो आणि लोखंडाला कमी. माझ्याकडं दोन्ही वेग होते. शेवटी त्यांनी पिशवीतून जुनी, झिजून गुळगुळीत झालेली स्टीलची पट्टी काढली आणि खांब ते चक अंतर मोजलं.

"सात इंचाला अर्धा सूत कमी," ते म्हणाले.

"पुरं सात हाय की!" चमनभाईंनी आपली टेप लावली. "हे बघा. सात."

"तुझी टेप ताणलीया."

"स्टीलची टेप ताणती व्हय? तुमच्या पट्टीतच खोट असंल आण्णा."

"ह्या पट्टीनं अख्खी हयात काम केलंय मी! तुझ्या गोदामातली निम्मी मशिनं ह्याच पट्टीनं जन्माला आल्यात!"

ते खरंच होतं, आणि भांडणाचं मूळही त्यातच होतं. पण मला बोलता येत नाही. दोघांनी अर्ध्या सुतावरून, म्हणजे इंचाच्या सोळाव्या भागावरून, हुज्जत घातली, दुसरा चहा घेतला आणि मी उचगावला आले.

आण्णांनी माझा गंज रॉकेलनं आणि बारीक पॉलिश पेपरनं काढला, जुन्या मऊ लुगड्याच्या तुकड्यानं मला पुसलं. परड्यातल्या पत्र्याच्या खोलीत मला जागा मिळाली. तिथंच खिडकीखाली शालनचं पायानं चालवायचं शिवणयंत्र होतं. त्याच्यावर चादर टाकलेली होती. आण्णा चादरीला कधी हात लावायचे नाहीत. झाडू मारतानाही तेवढा कोपरा सोडायचे.

काम करताना ते माझ्याशी बोलायचे. "शालन म्हणायची, तुमच्या हाताला फौंड्री लागलीया. मी केलेलं घरात काय म्हणून बसलं न्हाय बघ. ती माप सांगायची, मी कापायचो. पेटीचं झाकण मोठं. सैपाकघरातल्या कोनाड्याची फळी, ती बी मोठी. आत जाईचना! शेवटी कोनाड्याच्या तोंडावर ठोकली. आज बी तशीच हाय. मी म्हटलं, भिंतच वाकडी हाय तुझी. चार दिवस बोलली न्हाय."

असं सांगून ते हसायचे आणि मग एकदम खाली बघून फळी घासायला लागायचे.

फळी कापून, घासून गिटारीचा आकार झाला. तिचा दांडा मात्र त्यांनी तयार मागवला होता, पितळी आडव्या पट्ट्या बसवलेला. दांड्याच्या वरच्या टोकापासून साडेपंचवीस इंचांवर तारा टेकायच्या, असं दांडा देणाऱ्यानं सांगितलं होतं. ती जागा चुकली तर गिटार दिसायला कितीही छान असो, सुरात कधीच वाजत नाही. त्या जागेच्या हिशोबानं सहा भोकं फळीतून आरपार पाडायची होती, तारा मागून ओवण्यासाठी.

दांडा फळीला बसवून आण्णांनी आपली फूटभर पट्टी टप्प्याटप्प्यानं लावली आणि साडेपंचवीस इंचांवर पेन्सिलीनं रेघ मारली. रेघ पाव इंच पुढं गेली होती. मला कसं कळलं? अहो, मी तसल्याच पट्टीनं जन्मले आहे. ती लोखंडासाठी आहे. फणसाचं लाकूड कुठं वितळून आकसणार होतं?

आण्णांनी फळी माझ्या टेबलावर आवळली, बटण दाबलं, मूठ ओढली. ड्रिल लाकडाजवळ आलं आणि माझा पट्टा घसरला. मी मुद्दाम घसरवला असं म्हणणार नाही. पट्टा जुनाच होता. पण मी फारसा जोरही लावला नाही.

आण्णांनी फोन लावला. "चमन, तुझं मशीन पट्टा सोडतंय. काय दिलंस हे?"

चमनभाई दुपारी मोटारसायकलवरून नवा पट्टा घेऊन आले. पट्टा बसवला आणि सवयीनं कमरेची टेप काढून फळीवरच्या रेघेला लावली.

"आण्णा, रेघ किती इंचावर मारलीया?"

"साडेपंचवीस."

"ही पावणेसव्वीस हाय."

"पुन्हा तेच? सरक तिकडं." आण्णांनी बटण दाबलं. मी फिरू लागले.

"आण्णा, एकच फळी हाय म्हणालासा. थांबा की जरा! आणि एकदा मोजू."

"पट्टी बरोबर हाय माझी! माप चुकत असंल तर फळीच वाकडी..."

आण्णांचं वाक्य तिथंच तुटलं. हात मुठीवर होता, ड्रिल लाकडापासून बोटभर वर फिरत होतं. मग त्यांनी मला बंद केलं.

"चमन," ते हळूच म्हणाले, "पेटीत दोन पट्ट्या होत्या माझ्या. एक फौंड्रीची आणि एक साधी. लगीन झाल्यावर शालननं त्यातली एक ब्लाऊज शिवायला उचलली."

ते खिडकीकडं गेले. चादरीचं टोक धरलं, सोडलं, पुन्हा धरलं. चमनभाई पाठ फिरवून उगाच माझा नवा पट्टा तपासत राहिले. मग चादर निघाल्याचा आवाज आला आणि शिवणयंत्राचा खण उघडला. आत बॉबिनी होत्या, निळ्या खडूचा तुकडा, तेलाची बाटली, आणि सगळ्यांच्या खाली तशीच एक स्टीलची पट्टी.

आण्णांनी दोन्ही पट्ट्या फळीवर शेजारी-शेजारी ठेवल्या. सुरुवातीला रेघा जुळत होत्या. पुढं पुढं सुटत गेल्या. जन्मभर हातात एकच पट्टी राहिली आणि तोच त्यांचा इंच होऊन बसला होता. शालनचे ब्लाऊज सगळ्या गावाला बरोबर बसत होते आणि आण्णांची फळी घरच्या कोनाड्यात जात नव्हती.

"शालन," आण्णा म्हणाले, "भिंत सरळच होती गं."

आणि ते हसायला लागले. खो-खो हसले, डोळ्यांतून पाणी आलं तरी हसले. चमनभाई म्हणाले, "वहिनी असत्या तर आज तुम्हाला जेवण मिळालं नसतं आण्णा!" आणि तेही हसू लागले.

शालनच्या पट्टीनं नवी रेघ मारली. माझ्या चकला आण्णांनी तिच्याच बाटलीतलं तेल दिलं. मित्रांनो, मी आयुष्यात हजारो भोकं पाडली, पण त्या सहा भोकांइतकी जपून कधीच पाडली नाहीत. फणसाचा पिवळा भुसा टेबलावर पडला आणि सहाही तारांची वाट एका ओळीत, सरळ आरपार झाली.

खंडेनवमीला स्नेहल आली. आण्णांनी मला माळ घातली, शिवणयंत्राला घातली आणि दोघांच्या मधे गिटार उभी केली. स्नेहलनं लाकडावरून हात फिरवला.

"आण्णा, हा आपला फणस?"

"व्हय. वाजतोय का बघ."

तिनं सूर लावले. दांड्यावरच्या एकेक पितळी पट्टीजवळ बोट ठेवून ऐकलं. प्रत्येक सूर जागेवर होता. तरी ती थांबली. "सवय गेलीया माझी."

आण्णा शिवणयंत्रापुढं स्टुलावर बसले आणि पायटा हलवू लागले. खट-खट, खट-खट. शालन चालवायची तसं त्यांना कुठलं जमायला? मधेच चाक उलटं फिरायचं. स्नेहल हसली. "असं न्हाय आण्णा, आई पळवायची!" आणि ते शिवणयंत्र सुरळीत पळावं म्हणून ती वाजवायला लागली.

आता फौंड्रीची पट्टी माझ्यामागच्या भिंतीवर टांगलेली आहे आणि शालनची पट्टी माझ्या टेबलाजवळ असते. कोनाड्याच्या तोंडावर ठोकलेली फळी मात्र आण्णांनी कापली नाही. चमनभाई येतात तेव्हा तिच्याकडं बघून विचारतात, "काय आण्णा, भिंत वाकडी हाय का?"

मित्रांनो, तुमच्या घरातही एखादं जुनं यंत्र कोपऱ्यात असेल. त्याच्यावर रेनकोट वाळत घालू नका. गंज पुसा, तेलाचं बोट फिरवा. बटण दाबण्याआधी चकची चावी काढा, हंबीरराव ओरडतील. आणि ज्या यंत्रावर चादर टाकलेली आहे, ती चादर एकदा काढून बघा. तुम्हाला हवी असलेली पट्टी कदाचित त्याच खणात असेल.