सहा नंबरच्या खाटेवरचा क्लास

शिकवायची हौस मला कधीच नव्हती. एमबीबीएसनंतर एमडी मेडिसिनच्या दुसऱ्या वर्षाला आले आणि सर म्हणाले, "राजेश्वरी, एमबीबीएसच्या पोरांचा सकाळचा क्लास आता तू घ्यायचा." झालं, निघून गेले! शिकवायचं कसं, हे डॉक्टरला कुणी शिकवत नाही. जाताजाता एवढंच बजावलं, की पेशंटसमोर वाईट काही बोलायचं असेल तर इंग्रजीत बोल. मिरजेतल्या आमच्या वॉर्डात सगळे तसंच करतात.

सहा नंबरच्या खाटेवर केरबा होते. मेढ्याकडचे, फौजेतून निवृत्त झालेले. डोळे हळदीसारखे पिवळे. पायथ्याशी त्यांची बायको मनुबाई बसलेली असायची. मला बघितलं की तिचं ठरलेलं, "बाई, साधी कावीळच हाय न्हवं? कवा सोडताय? भात काढणीला आलाय." मी म्हणायची, "बघू."

रिपोर्ट कधीच आला होता. स्वादुपिंडाचा कॅन्सर, यकृतात पसरलेला. त्यांचा मुलगा जयराज सीमेवर, त्याची सुट्टी मंजूर व्हायची होती. तो आला की सांगू, असं म्हणून मी दिवस ढकलत होते.

आज क्लास त्याच खाटेपाशी घेतला. पोरं नुसती मख्ख उभी. माझं डोकंच फिरलं. "अरे, हात लावा की! लाजताय काय, मुलगी बघायला आलाय का?" केरबा हसले आणि त्यांनी आपणहून सदरा वर केला. एकेकाने पोट दाबून यकृताची कड शोधली. मग वीरधवल नावाच्या पोराने इंग्रजीत विचारलं, पुढे काय होणार? पहिल्यांदा कुणीतरी काहीतरी विचारलं होतं! मी हुरळूनच गेले. ऑपरेशन का होणार नाही, औषधाने का भागणार नाही, दोन-तीन महिने कसे जातील, सगळं इंग्रजीत फोड करून सांगितलं. पोरांना अगदी स्वच्छ कळलं. इतकं चांगलं मी कधीच शिकवलं नव्हतं.

पोरं गेली. केरबांनी मनुबाईला चहा आणायला पाठवलं आणि मला जवळ बोलावलं.

"डॉक्टरबाई, पलटणीत मी क्लार्क हुतो. सगळा कारभार इंग्रजीतनं."

माझ्या तोंडचं पाणीच पळालं. आमच्याकडे घरटी एक फौजी, माझा सख्खा मामा फौजी, आणि मला हे सुचू नये? "काका, मला माफ करा," एवढंच कसंबसं म्हणाले. रडू येत होतं, पण रडायचा हक्क माझा नव्हता.

"आवं, माफी कशापायी? लय झ्याक शिकिवलंसा. पोरास्नी कळलं, मलाबी कळलं." त्यांनी एकदा दाराकडे बघितलं. "आता मला येवढं शिकवा. हिला कसं सांगू? आमचा चाळीस वर्साचा संसार हाय, बाई. तिला इंग्रजी येत न्हाई."

मराठीत मला एक वाक्य जुळवता येईना.

तेवढ्यात मनुबाई आली. माझ्यासाठीही एक कप आणला होता. "घ्या बाई, बोलून बोलून घसा सुकला आसंल. सांगा की, कवा सोडताय?"

केरबा माझ्याकडे बघत होते. शिकायला बसलेलं पोर बघतं, तसे.

मी कप हातात घेतला आणि म्हणाले, "बघू."