देवघरातली सीडी

मित्रांनो, मी सिन्नरच्या एका देवघरात राहणारी जुनी सीडी आहे. देव नव्हे, पण देवांच्या रांगेत बसवली गेले आणि तिथेच माझी अब्रू गेली.

माझा जन्म २००३ सालचा, सलीमभाईंच्या स्टुडिओतला. माझ्यात ज्योत्स्नाचं लग्न भरलं होतं. हाती देताना सलीमभाईंनी तिच्या आईला बजावलं, "काकू, कडेला धरायची. चकचकीत बाजूला बोट लावायचं नाही. डबीतच ठेवायची. एक जादा कॉपी करून देऊ का?"

"एकच पोर, एकच लगीन. एक बास," वत्सलाबाई म्हणाल्या.

मला बघायला सगळी गल्ली जमली. जो तो पडद्यावर फक्त स्वतःलाच शोधत होता. निरोपाचा प्रसंग जवळ आला, तसे ज्योत्स्नाचे वडील मल्हारी उठले. "माझं रडणं काय बघता?" म्हणत त्यांनी टीव्हीच बंद केला. पुढच्या वर्षी ते वारले.

मला लावून बघायचा वत्सलाबाईंना धीर होईना. "ह्यांचा आवाज हाय ह्याच्यात," म्हणत त्यांनी मला डबीतून काढून देवघरात ठेवलं. रोज उदबत्तीचा धूर. दसऱ्याला चकचकीत बाजूवर हळदकुंकवाची बोटं, वर अक्षता. दुसऱ्या दिवशी पदराच्या जरीकाठाने गोल गोल घासणं. मी फुगून गेले होते. शेजारच्या बाळकृष्णाला तरी कुठे एवढी चमक! अंगावर उठणारे ओरखडे मला दागिने वाटायचे.

मग एका दिवाळीला ज्योत्स्ना माहेरी आली. सोबत जावई ललित आणि छोटी लेक.

"आई, लाव ना ती सीडी. हिला आजोबा दाखवू. लग्नात मी निघताना अण्णा ह्यांना काहीतरी म्हणाले. तू आत डोळे पुसत होतीस, मला रडण्यात ऐकू आलं नाही."

"मला तरी कुठे?" ललित म्हणाला. "बँड कानाशी होता. मी नुसती मान डोलावली."

मला लावलं. मांडव, पंगती, सगळं सुरळीत चाललं. मल्हारी आले. टोपी सारखी करत म्हणाले, "जावईबापू, पोर रागीट हाय, पण..."

आणि मी अडकले. आम्ही सीड्या मधून सुरू होऊन काठाकडे वाजत जातो; निरोप सगळ्यात शेवटी, म्हणजे माझ्या काठापाशी. कुंकवाची बोटंही नेमकी तिथेच. मल्हारींच्या चेहऱ्याचे चौकोन चौकोन झाले. पुन्हा लावलं. पुन्हा "पण".

"सासरे अजून विचार करतायत," ललित म्हणाला. कोणी हसलं नाही.

मला स्टुडिओत नेलं. सलीमभाईंनी मऊ फडक्याने मला मधून काठाकडे सरळ पुसून पाहिलं. "काकू, पूजा केलीत ना हिची? मळ निघतो हो, ओरखडे कसे निघणार?" वत्सलाबाईंनी पदर तोंडाला लावला. मला तर डबीत शिरून लपावंसं वाटलं.

घरी नातीने विचारलं, "पण काय, आजी?"

"पण मनाची निर्मळ हाय," वत्सलाबाई म्हणाल्या.

पुढच्या दिवाळीला पोरीने तेच विचारलं. "पण तिला बोलू नका," वत्सलाबाईंनी सांगितलं.

"आई, मागच्या वर्षी वेगळं होतं!"

"दोन्ही म्हणाले आसतील."

मित्रांनो, आमची पूजा करू नका. कडेला धरा, मधून बाहेर पुसा, डबीत ठेवा आणि जो आवाज पुन्हा मिळणार नाही त्याच्या दोन कॉपी करा.

मी अजून देवघरातच आहे. वत्सलाबाई रोज हात जोडतात, तेव्हा लाजेने जीव नकोसा होतो. मल्हारींचं खरं वाक्य फक्त मला माहीत आहे, आणि मलाच ते बोलता येत नाही.